अटकेपार नान

मुलीकडे इंग्लंडला जाऊन आलेल्या बाईला डोंबिवलीत परतल्यावर दोन प्रश्न विचारले जातात. "थंडी किती होती?" आणि "तिकडे आपलं जेवण मिळतं का हो?" पहिल्याचं उत्तर मी अंशांत देते. दुसऱ्यासाठी मला चहाचं आधण ठेवावं लागतं, कारण ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

मिळतं. म्हणजे, मिळतं असं पाटीवर लिहिलेलं असतं.

लेक-जावई राहतात ते गाव बर्मिंगहॅमपासून गाडीने पाऊण तासावर. एक चर्च, चार पब, मासे-बटाटे तळून देणारं एक दुकान आणि एक इंडियन रेस्टॉरंट. तिकडे एवढं असलं की गाव पुरं झालं असं धरतात. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली तो दिवस नेमका तिथल्या मुक्कामात आला आणि जावयांनी सकाळीच जाहीर केलं, "आई, आज तुम्ही ओट्यापाशी फिरकायचं नाही. आज इंडियन!"

तीन आठवडे त्या ओट्यापाशी मीच होते. भरली वांगी झाली, थालीपीठं झाली, दोनदा आळूचं फदफदं झालं (आळू कुठून मिळवला ती वेगळी कथा). मग आज इंडियन, तर काल काय होतं, असं मनात आलंच. पण जावयांच्या चेहऱ्यावर एवढी हौस होती की म्हटलं जाऊ दे. शिवाय आयतं ताट. जिने आठ-चौदाची लोकल पकडायच्या आधी दोन भाज्या नि पंधरा पोळ्या उरकण्यात जन्म काढला, त्या बाईला कुणी स्मशानात आयतं वाढतो म्हणालं तरी ती पर्स घेऊन निघेल.

गाडीत बसल्याबसल्या ह्यांनी इतिहास काढला. हे मूळचे पुण्याच्या कसबा पेठेतले. कुठेही जायचं तर जाण्याआधी वाचून ठेवतात आणि पोचेपर्यंत सगळं सांगून संपवतात. इंग्लंडातलं पहिलं हिंदुस्थानी हॉटेल म्हणे 1810 साली लंडनमध्ये निघालं. पाटण्याकडच्या दीन मुहंमद नावाच्या गृहस्थाने काढलं, जेवणानंतर हुक्क्याचीसुद्धा सोय होती.

"मग?" लेकीने विचारलं.

"मग काय, दोन वर्षांत दिवाळं वाजलं."

"अहो, हे जेवायला निघताना सांगायचं असतं का?"

"पुढचं ऐक की. तो ब्रायटनला गेला आणि लोकांना वाफारा देऊन चंपी करायला लागला. त्यात एवढी बरकत आली की इंग्लंडच्या राजाची चंपी करण्यापर्यंत मजल गेली. शाम्पू हा शब्द आपल्या चंपीवरूनच गेलाय."

म्हणजे हॉटेल काढण्यापेक्षा डोकं चोळलेलं बरं, हे इंग्लंडात दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. आम्ही तरी पुढे गेलो.

आत शिरलो तर भिंतीवर ताजमहाल, कोपऱ्यात पितळी हत्ती आणि कुठूनतरी सतार. ती सतार आम्ही बसलो तेव्हा ज्या आलापावर होती, उठलो तेव्हाही त्याच आलापावर होती. वाढायला आलेले गृहस्थ साठीच्या घरातले, पांढरी दाढी, काळं जाकीट. आम्हाला बघून त्यांनी इंग्रजी खाली ठेवलं.

"दीदी, आप इंडिया से?"

"मुंबई."

"ओ! शारुख खान!"

"हाँ, पण उनका बांद्रा. हमारा डोंबिवली," मी खुलासा केला. माझं हिंदी डोंबिवली ते सीएसटी या पट्ट्यात चालतं, त्यापलीकडे जपून वापरावं लागतं.

ते निघाले सिल्हेटचे. जावई म्हणाले, इथली बरीचशी 'इंडियन' हॉटेलं सिल्हेटींचीच. यांचे आजे-पणजे इंग्रजांच्या बोटींवर भट्टीत कोळसा टाकणारे खलाशी. बोट बंदराला लागली की त्यातले काही उडी मारून पसार व्हायचे, खाणावळीत भांडी घासायचे, मग स्वतःची खाणावळ काढायचे. तेव्हा सिल्हेट हिंदुस्थानात होतं. पुढे ते पूर्व पाकिस्तानात गेलं, 1971 साली बांगलादेशात गेलं. पाटी मात्र जागची हलली नाही.

पहिल्यांदा आले ते पापड. काही मागायच्या आत, चवड रचून. आपल्याकडे पापड वरणभाताच्या सोबतीला येतो, स्वतंत्र बिऱ्हाड करत नाही. इथे अजून कशाचाच पत्ता नाही आणि पापड हजर, म्हणजे नवरदेव मांडवात यायच्या आधी बँडवाल्यांची पंगत उठावी तसं. सोबत एक स्टीलचा गरगर फिरणारा चौफुला. त्यात चिरलेला कांदा, पुदिन्याचं पातळ दही, लिंबाचं लोणचं आणि आंब्याची चटणी. चटणी म्हणजे चक्क साखरांबा. साखरांब्यात बुडवून पापड खायचा ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या आईने त्याला लहानपणी कधी रागे भरलं नसावं.

ह्यांना मात्र ते आवडलं. त्याहून आवडलं ते असं की चवड संपली की नवी यायची. पुण्यात कांदा-लिंबू जसं न मागता येतं आणि बिलात येत नाही, तसाच हा प्रकार असणार असं धरून हे नेटाने खात होते.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "एक पापड पंचाण्णव पेन्सला आहे."

ह्यांचा हात वाटेत थांबला. पौंडाचा भाव शंभराच्या वर होता. ओठ हलले, हिशेब झाला आणि अर्धा पापड बशीत परत ठेवला गेला. मला वेगळाच हिशेब आठवला. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेतले आणि लिज्जत पापडाचा धंदा सुरू केला. त्या अख्ख्या उद्योगाचं जेवढं भांडवल होतं, तेवढ्यात इथे एक पापड येत नव्हता.

मग मेन्यू आला. त्याला मेन्यू म्हणण्यापेक्षा ब्रिटिश अमदानीतलं गॅझेटियर म्हणायला हवं. मद्रास, बॉम्बे, काश्मीर, सिलोन, सगळा मुलूख होता. प्रत्येक गावापुढे मिरच्यांची चित्रं. काश्मीरला मिरची नाही, मद्रासला दोन, विंडालूला तीन. त्याच्याही वर 'फाल' नावाचा एक पदार्थ, तो हिंदुस्थानात कुठेच नाही, बर्मिंगहॅमकडेच जन्मला म्हणतात. तिकडच्या पोरांनी पबमधून येऊन एकमेकांशी पैज लावून खाण्यासाठी तो आहे. भूगोल तिखटात मोजायची ही पद्धत मला पटली नाही, पण आमची डोंबिवली या तक्त्यात किती मिरच्यांवर बसली असती याचा मी थोडा वेळ विचार केला.

शेजारच्या टेबलावरच्या तशाच चार पोरांनी विंडालू मागवला होता. त्यात बटाटे तरंगत होते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, गोवा हाकेच्या अंतरावर. विंडालू हे पोर्तुगीजांचं वाइन-लसणातलं डुकराचं मटण. गोव्यातल्या ख्रिस्ती बायकांनी त्यात व्हिनेगर आणि मिरची घालून त्याचं सोनं केलं. त्या नावाच्या शेवटी जो 'आलू' ऐकू येतो तो लसूण आहे हो, लसूण! पण कुणातरी हिंदी जाणणाऱ्याने तो ऐकला आणि बटाटे सोलायला घेतले. उठून त्या पोरांना सांगावं असं वाटलं, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माणूस दुःखात असताना व्युत्पत्ती सांगू नये.

ह्यांचं बोट एका ओळीवर येऊन थांबलं होतं. "अगं, हे बघ. पेशवाई नान!"

"बाबा, पेश्वरी. पेशावरचा."

"तेच ते. 1758 साली राघोबादादांच्या फौजा अटकेपार गेल्या, तेव्हा पेशावर आपल्याच ताब्यात होतं. म्हणजे हा नान एका अर्थी..."

"मागवा," मी म्हटलं. शेजारच्या टेबलापर्यंत पानिपत पोचायच्या आत विषय बदलायला हवा होता.

मी निष्ठेपोटी बॉम्बे आलू सांगितला. लेकीने कोरमा. आणि जावई उत्साहाने म्हणाले, "आज खास दिवस, तर लॅम्ब धनसाक!"

आता हे त्यांना कसं सांगावं? मी फोर्टमधल्या बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली. शेजारच्या टेबलावरच्या पारशीणबाईंच्या डब्यातून मी धनसाक खाल्लेला आहे आणि त्यांच्याकडूनच हेही शिकले की पारश्यांत माणूस गेला की तीन दिवस मांस वर्ज्य असतं आणि चौथ्या दिवशी धनसाक करतात. एरवी रविवारी खुशाल खावं, पण लग्नकार्यात, शुभदिवशी धनसाक शिजत नाही. आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला जावई प्रेमाने आमचं चौथं घालत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे अजून अटकेपार होते. मी गप्प बसले.

जेवण आलं.

तीन वाडगे, तीन रंग. पिवळट, लाल आणि तपकिरी. पहिला घास कोरम्याचा घेतला, गोड लागला. धनसाकचा घेतला, गोड लागला आणि दाताखाली अननस आला. बॉम्बे आलूचा रस्सा चाखला. डोळे मिटले असते तर तिन्ही एकाच पातेल्यातले वाटले असते, आणि ते होतेच. यात गुपित काही नाही. या हॉटेलांत सकाळी कांद्याचं एक मोठं पातेलं चढतं. थोडा टोमॅटो, एखादं गाजर, सगळं तासन्‌तास शिजवून बारीक वाटतात. संध्याकाळी त्यातलंच डावभर घेऊन कुणाला साय-खोबरं, कुणाला तिखट, कुणाला डाळ. काश्मीर ते मद्रास अंतर एका डावाचं.

बॉम्बे आलूबद्दल मात्र स्वतंत्र तक्रार आहे. मुंबईचा बटाटा मी ओळखते. तो वड्यात असतो, पावभाजीत ठेचलेला असतो, पुरीबरोबर पिवळा नि कोरडा असतो, साबुदाण्यात लपलेला असतो. हा बटाटा लालसर पाण्यात कमरेपर्यंत उभा होता, जुलैमध्ये हिंदमाताला अडकलेल्या माणसासारखा. मुंबईशी त्याचा संबंध तेवढाच.

आणि पेशवाई नान. ह्यांनी तो दोन्ही हातांनी मोठ्या मानाने फाडला. आतून बदामाचा कूट, बेदाणे आणि गोड खोबरं सांडलं.

"ही करंजी आहे," मी म्हटलं.

हे बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "लाटताना फुटलेली."

तरी त्यांनी तो कोरम्यात बुडवून संपवला, कारण चारशेच्या वर रुपये झाले होते. करंजी आमटीत बुडवून खाणारा माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिला आणि त्याच्याशी मी पस्तीस वर्षं संसार केला होता.

खरं सांगायचं तर या जेवणावर रागवायचा मला अधिकार आहे का, याचीच मला शंका आहे. नणंदेचे यजमान अस्सल कोल्हापूरचे. एकदा त्यांना आम्ही पुण्यात एका नावाजलेल्या हॉटेलात नेलं आणि कौतुकाने व्हेज कोल्हापुरी मागवली. त्यांनी एक घास घेतला, डावाने भाजी उपसून तळ पाहिला आणि वेटरला विचारलं, "ह्यात कोल्हापूर कुठं हाय ओ?"

"साहेब, तिखट आहे ना."

"तिखट म्हंजे कोल्हापूर न्हवं!" असं म्हणून त्यांनी त्या बिचाऱ्याला कांदा-लसूण मसाला, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा यांवर जे ऐकवलं त्यात त्याची दोन टेबलं खोळंबली. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही. लाल जास्त झाली की कोल्हापुरी, वर पापड चुरला की जयपुरी, छोट्या बादलीत आणून ठेवली की आणखी काहीतरी. आपण निदान दुसऱ्या देशात जाऊन केलेलं नाही, घरातल्या घरात केलंय.

आणि तिथल्या लोकांनी तर ते जेवण कधीच आपलंसं केलंय. 2001 साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात चिकन टिक्का मसाला हीच ब्रिटनची खरी राष्ट्रीय डिश असं सांगून टाकलं. ह्यांनी हे मला टेबलावरच ऐकवलं. मला बरं वाटलं. त्यांची आहे ना, मग त्यांनी सांभाळावी.

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार झुललं आणि वास आला.

हा वास मला भुलीच्या इंजेक्शनातूनही उठवेल. सुका बोंबील तव्यावर भाजला जात होता. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत या वासावरून दोनदा सर्वसाधारण सभा झालेली आहे. कसबा पेठेतून आलेल्या ह्यांनाही लग्नानंतर तीन वर्षं लागली. आता मात्र हेसुद्धा नाक वर करून बसले होते.

मी दाढीवाल्या भाऊंना खूण केली. "भैया, अंदर बोंबील भाजा क्या?"

"क्या, दीदी?"

"बोंबील. सूखा. बॉम्बे डक."

त्या माणसाचा चेहरा उजळला. मघापासूनच्या अदबीच्या हसण्याखालून एकदम दुसराच माणूस वर आला. "लोइट्टा! लोइट्टा शुटकी!" मग इकडेतिकडे बघून आवाज खाली. "वो स्टाफ का खाना है, दीदी. बैंगन डाल के."

"हम भी वांगा डालते. और कोकम."

कोकम म्हणजे काय ते मला सांगता आलं नाही, आणि ते कुठली झणझणीत मिरची घालतात ते मला समजलं नाही, पण कांदा किती, लसूण किती, बोंबील आधी भाजायचा की भिजवायचा, यावर आमचं छान जमलं. ते म्हणाले, पूर्वी हा इथे मेन्यूत होता. कुरकुरीत तळून द्यायचे, गोरे लोक तो करीवर चुरून खायचे. 1997 मध्ये युरोपने आयातीला बंदी घातली. पुढे वाट मोकळी झाली, पण या मेन्यूत तो काही परतला नाही.

"थोडा मिलेगा?"

त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं. "नहीं, दीदी. मेन्यू में नहीं है. बास आता है. कस्टमर भागेगा."

झालं. त्या अख्ख्या इंडियन रेस्टॉरंटात खाण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती गिऱ्हाइकांपासून जपून ठेवलेली होती. आम्हाला गरम ओले रुमाल मिळाले, बिलासोबत पुदिन्याची चॉकलेटं मिळाली. जावयांनी "कसं वाटलं, आई?" विचारलं आणि मी "सजावट छान आहे" म्हटलं. मराठी सासूला याहून वाईट बोलता येत नाही. उरलेलं सगळं भाऊंनी कागदी पिशवीत बांधून दिलं. दारापर्यंत सोडायलाही आले.

घरी पोचून पिशवी ओट्यावर रिकामी केली. बॉम्बे आलू. धनसाक. नानाचा एक तुकडा, ह्यांनी सकाळच्या चहासाठी राखलेला. आणि खाली, कागदात दोनदा गुंडाळलेला, एक लहानसा डबा. तो आम्ही मागवला नव्हता.

झाकण उघडलं आणि लेक वरच्या मजल्यावरून ओरडली, "आई! काय जळतंय?" जावई धावत जाऊन नोव्हेंबरच्या थंडीत खिडक्या उघडायला लागले. मी सकाळपासूनचा हुकूम मोडून ओट्यापाशी गेले आणि भात टाकला.

हे दिव्याखाली चष्मा लावून बिल तपासत होते. पुण्याचा माणूस बिल देताना बघत नाही, ते शिष्टाचाराला धरून नसतं. घरी येऊन बघतो.

"अगं, पापड बारा लावलेत."

"मग?"

"अकरा खाल्ले. त्यातला एक तर अर्धाच." त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "आणि हा डबा कुठेच नाही यात."

"नसेल. पापडात धरला असेल."

ह्यांनी थोडा विचार केला, बिलाची घडी घातली आणि स्वतःचं ताट काढून घेतलं. म्हणाले, "मला वांगं कमी वाढ."